वाऱ्यावर गेलेलं बदक

"बाई, इथं लाटा किती वाजता सोडतेत?"

राळेगावकडच्या एका आजोबांनी मला हे विचारलं होतं, आणि अगदी मनापासून विचारलं होतं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. कालव्याला पाणी पाळीने सुटतं, नळाला सुटतं, मग लाटांचीही काही वेळ असणारच. मी म्हटलं, "बाबाजी, लाटा वाऱ्याच्या हातात असतात. आमच्या नाही."

"मंग बाहेर बीच कायले लिवलं?" असं म्हणून धोतर सावरत ते भज्यांच्या गाडीकडे निघून गेले.

यवतमाळहून एसटीने तासाभरावर एक धरण आहे आणि धरणाच्या पाण्याला लागून एक निसर्ग उद्यान आहे. तिथे फुलपाखरांची बाग आहे, झुलता पूल आहे, छकड्यातून फेरी आहे, पोरांना घसरगुंड्या आहेत. आणि काठावर नदीची वाळू आणून टाकलेली एक लांब पट्टी आहे, तिला बीच म्हणतात. आमच्या जिल्ह्यात बीच, यावर बाहेरचे लोक हसतात. आमचे लोक हसत नाहीत. ते चपला काढतात, वाळूत बसतात, डब्यातली पोळी-भाजी काढतात आणि मग कुणीतरी एकजण गुपचूप जाऊन पाण्यात बुडवलेलं बोट तोंडात घालून बघतो, खारट आहे का. मी तिथे नोकरीत असेपर्यंत असा एकही रविवार गेला नाही की कुणी पाणी चाखून पाहिलं नाही.

मी त्या बीचवर कामाला होते. माझं नाव शोभा, कागदावर पदाचं नावही मोठं होतं, पण लोक मला शिट्टीबाई म्हणत. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, साडीवर पिवळं जाकीट. मी ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची मुलगी, चालायच्या आधी नदीत पडलेली. लग्न झालं आणि पोहणं सुटलं. सासरी नदी होती, पण सुनेने नदीवर जायचं ते धुण्याचे पिळे घेऊन. ऐन उमेदीची वर्षं मी पाण्याच्या काठावर बसून कपडे आपटण्यात घालवली, याचं मला अजूनही वाईट वाटतं. पुढे उद्यान झालं, पोहता येणारी बाई पाहिजे असा निरोप गावात आला, आणि गावात तशी मी एकटीच निघाले.

काम बाहेरून सोपं दिसतं. वाळूच्या पुढे पाण्यात पिवळे ड्रम दोरीने बांधलेले असतात, त्यांच्या आत राहायचं. कारण वाळू आम्ही टाकलेली, तिच्या पुढे तलावाचा स्वतःचा काळा गाळ. त्यात पाय पोटरीपर्यंत रुततो आणि माणूस घाबरतो. दुसरं म्हणजे, बोटीत बसणाऱ्याला जाकीट घालायला लावायचं. पुरुष लोक नको म्हणायचे. वास येते, गरम होते, शर्ट खराब होते. मी जाकिटांच्या खुंट्यांशेजारी एक मोठा आरसा लावून घेतला. त्या दिवसापासून कुणाला सांगावं लागलं नाही. जाकीट घालून, आरशात पाहून, फोटो काढूनच लोक बोटीत बसू लागले. माझ्या सगळ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर त्या आरशाचा.

आणि तिसरं काम, कान उघडे ठेवायचे. लोकांना वाटतं बुडणारा माणूस "वाचवा वाचवा" ओरडतो. तसं नसतं. ओरडायला श्वास लागतो, आणि नेमका तोच त्याच्याजवळ नसतो. बुडणारा माणूस गप्प असतो. म्हणून बीचवर पोरं किंचाळत असली की मी निवांत असायची. एखादा कोपरा शांत झाला की मी उठून उभी.

बोटींमध्ये लोकांची आवडती म्हणजे बदकं. पायडल मारायची, दोघांनी बसायची बोट, पुढे बदकाची उंच पांढरी मान. दोघांच्या मधोमध एक दांडा असतो, तो वळवला की बोट वळते. एकदा एक नवरा-बायको भांडूनच बोटीत बसले होते. तिने रागाने पायडल मारलं, त्याने रागाने दांडा एकाच बाजूला धरून ठेवला. बराच वेळ ते बदक एकाच जागी गरगर फिरत राहिलं. काठावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा दोघं हसले आणि सरळ परत आले.

पण बदकाची एक खोड आहे. ती मान दिसायला देखणी, पण वाऱ्याला धरायला तीच सापडते. वारा सुटला की बदक शिडासारखं वाहत जातं, आणि माणूस कितीही पायडल मारो, ते वाऱ्याचं ऐकतं. म्हणून काठावर लावलेले झेंडे वाऱ्याने ताठ व्हायला लागले की आम्ही शिट्टी मारून सगळी बदकं परत बोलवायचो.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तो उन्हाळ्याच्या तोंडावरचा रविवार होता. दोन कुटुंबं आली. एकत्र नाही, मागेपुढे. आमच्याकडे आता मुलगी पाहायचा कार्यक्रम घरी करायला लोक नको म्हणतात. घरी केला की गल्लीला कळतं, आणि नाही जमलं तर पोरीच्या मागे बोलणी लागतात. उद्यानात काय, योगायोगाने भेटलो म्हणायचं. अशी मंडळी मी फाटकापासूनच ओळखायची. वाळूत यायचं तर अंगावर लग्नाचे कपडे, मुलाच्या पायात नवे चकचकीत बूट, मुलीची ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून बसवलेली, आणि कुणा एकीच्या हातात अशी पिशवी, जी ती खाली टेकवतच नाही.

पिशवी होती मुलाच्या आईच्या हातात. कमलबाई. राळेगावला त्यांच्या घरचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. उंच, धिप्पाड बाई, बोलणं असं की दहा एकरांपलीकडून ऐकू यावं. मुलगा नितीन, तेच दुकान सांभाळायचा. मुलगी प्रांजली, ढाणकीची. शिक्षण झालं होतं आणि यवतमाळात खोली करून ती पोलीस भरतीची तयारी करत होती. तिचे वडील उत्तमराव शेतकरी, शांत माणूस, सारखा रुमालाने कपाळ पुसणारा.

चहा झाला, पोहे झाले, आणि थोरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "पोरांले जरा बोलू द्या." बोलायला जागा कुठली? सगळीकडे माणसं. दोघं जेट्टीवर माझ्याकडे आले.

"बोटीत बसता काय?" मी विचारलं.

नितीनने तिच्याकडे पाहिलं. "तुमाले आवडन काय?"

"मले काय, चालते. तुमाले आवडते न?"

"हो हो. लय आवडते."

दोघांनी जाकीट घातलं, आरशात पाहिलं, नितीनने भांग नीट केला. मी पट्टे ओढून तपासले आणि सांगितलं, शिट्टी वाजली की तसंच वळून यायचं. बदक निघालं. काठावर कमलबाई उत्तमरावांना सांगत होत्या, "आमचा पोट्टा कोणत्याच गोष्टीले भेत नाही."

वारा त्या दिवशी सांगून आला नाही. झेंडे हलले नव्हते, तोच समोरच्या काठावर, तूर काढून मोकळ्या झालेल्या वावरातून धुळीचा पडदा उठला आणि सरळ पाण्यावर आला. मी शिट्टी फुंकली. बाकीची बदकं वळली. एक वळलं नाही. दोघंही जीव तोडून पायडल मारत होते, पण दांडा कुणीच धरला नव्हता. तिला वाटलं तो धरेल, त्याला वाटलं आधी तिने धरावा. बदकाची मान वाऱ्याने धरली आणि बघता बघता ते टेकाडाच्या वळणाआड गेलं.

त्या वळणाआड काय आहे ते मला ठाऊक होतं. धरणात बुडालेल्या बाभळी. वाळून काळ्या झालेल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या वर, त्यांवर पाणकावळे बसतात. वरून दिसतात त्या बऱ्या, पण पाण्याखालचे तुटके बुंधे बोटीचं बूड फाडतात.

काठावर एकच कल्लोळ झाला. उत्तमराव पाण्याकडे बघत नुसते उभे होते, हातातला रुमाल खाली पडला तरी त्यांना कळलं नाही. आणि कमलबाई, भरजरी साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरल्या होत्या. "बाई वो! माह्या पोराले पोहता येत नाही! त्याले पाण्याचं भेव हाय लहानपणापासून! मले घ्या बोटीत!"

"तुम्ही इथेच थांबा."

"माहा पोरगा हाय तो!"

"म्हणूनच थांबा. परत येताना दोन माणसांची जागा लागणार आहे," मी म्हटलं. फुलपाखरांच्या बागेतल्या दोघी बायांनी त्यांना धरलं. पिशवी दंडाला अडकवून, पाण्यात उभी राहून ती बाई हात चोळत पोराला हाका मारत होती, तो आवाज मोटर सुरू होईपर्यंत मला ऐकू येत होता.

मोटरबोट गजूभाऊ चालवायचे. आमच्याच समाजाचे, वयाने माझ्याएवढे, कमी बोलणारे. लाटा समोरून अंगावर येत होत्या. वळण जवळ आलं तसं त्यांनी इंजिन हळू केलं. मी कान टवकारले. मला भीती होती ती शांततेची.

आधी वाऱ्याचा आवाज आला. मग पाणकावळ्यांचा. आणि मग हसण्याचा.

गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "हासून राह्यले का रडून राह्यले?"

"काही का असेना," मी म्हटलं, "आवाज आहे म्हणजे श्वास आहे."

बदक बाभळींत अडकून एका अंगावर कललं होतं. बूड फाटलं होतं, बसायच्या जागेपर्यंत पाणी आलं होतं. नितीन आपल्या नव्या बुटाने पाणी उपसून बाहेर टाकत होता. प्रांजली बदकाच्या मानेला एका हाताने धरून उभी होती, आणि तिची ती पिना लावलेली ओढणी, एक टोक बोटीच्या कडीला आणि दुसरं बाभळीच्या बुंध्याला, कचकचून बांधलेली होती. बैल खुंट्याला बांधतात ती गाठ. ओढणी नसती तर बोट तिथून सुटून मोकळ्या पाण्यात गेली असती आणि भरून तळाला बसली असती.

"हसता काय?" मी ओरडले.

"बाई, यायले पाण्याचं भेव वाटते," प्रांजली म्हणाली. तिचे दात कडकड वाजत होते. "माह्यासाठी बसले म्हणे बोटीत. अन् मी यायच्यासाठी बसली! मलेबी भेव वाटते!"

"मी म्हणलो, आधीच सांगायचं न!" नितीन उपसता उपसता म्हणाला. "ते म्हणते, तुमीच सांगायचं न!"

हसायचे दिवस नंतरही येतील, आधी बाहेर निघू, असं मी मनात म्हटलं. इंजिन पुढे नेता येत नव्हतं, पंखा झाडात अडकला असता. गजूभाऊंनी बांबू रोवून बोट धरली, मी दोरी कमरेला बांधून पाण्यात उतरले आणि बाभळींमधून पोहत बदकापर्यंत गेले. काटा कुठे कुठे लागला ते घरी गेल्यावर कळलं.

"चला, एक एक जण. दोरी धरायची, जाकीट तुम्हाला वर ठेवतं, तुम्ही फक्त दोरी सोडायची नाही."

"तुमी जा आधी," नितीन म्हणाला.

"नाही, तुमीच जा. मी बोट धरून ठेवते."

"नाही नाही, लेडीज फर्स्ट असते."

बोट बुडत होती आणि दोघं पंगतीत आग्रह करावा तसा एकमेकांना आग्रह करत होते. मी ओरडले, "जो जवळ आहे तो आधी!" जवळ नितीन होता. त्याने एक पाय उचलला, बदक कललं आणि तो सरळ पाण्यात गेला, डोक्यासकट.

ती घटका मला अजून आठवते. पाण्यावर काही नाही. आवाज नाही. प्रांजलीचं हसणं चटकन थांबलं. मग जाकिटाने आपलं काम केलं आणि तो वर आला, डोळे घट्ट मिटलेले, तोंड मिटलेलं, हात छातीशी जोडलेले. मी त्याला जाकिटाच्या मानेला धरून दोन थपडा गालावर मारल्या. "नितीनभाऊ! बोला! काहीतरी बोला!"

त्याने डोळे उघडले, भला मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "माहा बूट!"

गजूभाऊंना मी कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. त्यांनी नितीनला ओढून आत घेतलं. मग प्रांजली आली. ती घाबरली होती, पण सांगितलं तेवढंच करत होती, दोरी धरून, माझ्या तोंडाकडे पाहत. ती बोटीत चढली तेव्हा मागे बदकाच्या मानेपर्यंत पाणी आलं होतं.

गजूभाऊंनी बोट वळवली. खरा पेच तर पुढेच होता.

काठावर सगळी गर्दी जमली होती. तलावावर काय झालं हे कुणाला माहीत नव्हतं, पण सांगत सगळेच होते. दोघं उतरले. नितीन एका बुटावर. प्रांजली चिखलाने माखलेली, केस मोकळे, अंगावर ओढणी नाही. पोराला आधी छातीशी धरून झाल्यावर कमलबाईंची नजर तिच्यावर गेली, आणि सवयीनेच त्यांच्या तोंडून निघालं, "ओढणी कुठं हाय वो तुही?"

गर्दी गप्प झाली. मी म्हटलं ना, शांत कोपरा मला आवडत नाही. उत्तमरावांनी मान खाली घातली. पोरगी थरथरत उभी होती, थंडीने की कशाने कोण जाणे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नितीनच बोलला. इतका वेळ बारीक आवाजात बोलणारा पोरगा, पण आईचाच मुलगा होता, आवाज तिथून आलाच.

"बाभळीले बांधली हाय, आई. त्याच ओढणीनं बोट धरून ठेवली. ते नसती तर तू आता मले नाही, माह्या वाहत आलेल्या बुटाले पाहत बसली असती."

कमलबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग प्रांजलीकडे. मग ती पिशवी, जी सकाळपासून त्यांनी खाली ठेवली नव्हती, तिच्यात त्यांनी हात घातला. आत कोरी साडी होती, घडीची. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलाकडची बाई साडी देते, म्हणजे सोयरीक झाली. त्यांनी घडी मोडली, सगळीच्या सगळी साडी उलगडली आणि पोरीच्या अंगाभोवती गुंडाळली, डोक्यापासून पायापर्यंत.

उत्तमराव पुढे झाले. रुमाल नव्हता, हातानेच त्यांनी कपाळ पुसलं. "म्हणजे... पसंत हाय म्हणाव काय?"

"कायची पसंती घेऊन बसले बावा!" कमलबाई ओरडल्या. "पोरगी कुडकुडून राह्यली, दिसत नाही काय तुमाले? पसंतीचं मंग पाहू! चहा आणा आधी!"

चहा आला. त्या साडीतच प्रांजलीने तो प्यायला. मग तिने सगळ्यांसमोर, शांतपणे सांगितलं की तिला भरतीची परीक्षा द्यायची आहे, निकाल लागेपर्यंत ती कुणालाच हो म्हणणार नाही, आणि हे तिने नितीनला बोटीत सांगितलं आहे. "यायनं चालते म्हणलं," ती म्हणाली. नितीनने मान हलवली. कमलबाईंच्या कपाळावर आठी पडली, पण पोराला जिवंत बघून जेमतेम अर्धा तास झाला होता. भांडायची त्यांना ताकद नव्हती. मंडळी आली तशीच मागेपुढे निघून गेली, आणि मला वाटलं, संपलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी, उद्यान उघडायच्याही आधी, कमलबाई एकट्या फाटकाशी उभ्या. पहिल्या एसटीने आल्या होत्या.

"शोभाताई, मले पोहणं शिकवा."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुमी बोट घेऊन गेल्या न, तवा मी तिथं उभी होती हात चोळत. माहं पोरगं पाण्यात, अन् माह्या हातात पिशवी. असं पुन्हा नाही उभं राहाचं मले."

हे ऐकून मला वाळूवरच्या सगळ्या बायका आठवल्या. नवरा पाण्यात, पोरं पाण्यात, आणि बाई काठावर चपला, मोबाइल, डबे सांभाळत बसलेली. वर्षानुवर्षं मी त्यांच्याच शेजारी बसून पाण्याकडे बघत आले होते, त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. मी उद्यानाच्या साहेबांना जाऊन सांगितलं की उन्हाळाभर सकाळचा पहिला तास बीच फक्त बायकांसाठी ठेवू. साहेब म्हणाले, "येतील का कोणी?" मी म्हटलं, एक तर आलेलीच आहे.

हळूहळू आल्या. झाडझूड करणाऱ्या दोघी, भजेवाली, गावातल्या दोन-तीन सुना. रविवारी यवतमाळहून प्रांजलीही येऊ लागली. कमलबाईंना पाहून ती पहिल्या दिवशी परत फिरणार होती, पण कमलबाईंनीच हाक मारली, "ये न वो, मी काय मगर हाय?" सलवार घालायची कमलबाईंना लाज वाटायची, तर प्रांजलीने आपली मोठी सैल सलवार आणून दिली. लग्नाची बोलणी बैठकीत होतात. यांची छातीभर पाण्यात झाली. भरती झाल्यावर नोकरी करायची की नाही, राळेगावला राहायचं की बदलीच्या गावी, स्वयंपाक कोण करणार, सगळं. एकदा तर दोघी इतक्या भांडल्या की मला शिट्टी वाजवावी लागली. प्रांजली त्या वर्षी भरतीत निवडली गेली. पुढच्या वर्षी लग्न झालं, मी गेले होते, गजूभाऊही आले होते. नितीन काही पाण्यात उतरला नाही. "आमच्या घरच्या दोघीले येते, तेवढं पुरे," म्हणाला.

पण मला सांगायची आहे ती त्या उन्हाळ्यातली एक सकाळ. कमलबाई हातपाय मारायला लवकर शिकल्या, पण तरंगायला काही केल्या जमेना. पाठीवर तरंगायचं तर मान मागे टाकावी लागते, डोकं पाण्याच्या स्वाधीन करावं लागतं. त्यांची मान ताठ. सारखं लक्ष काठाकडे, कोण आलं, कोण गेलं, चपला जागेवर आहेत का. एका बाजूने मी हात लावलेला, दुसऱ्या बाजूने प्रांजलीने.

"मान सोडा," मी म्हटलं. "कान पाण्यात जाऊ द्या. काही होत नाही."

"कानात पाणी जाईन न!"

"जाऊ द्या, आई," प्रांजली म्हणाली. तिने त्यांना आई म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

काय झालं कोण जाणे, कमलबाईंनी डोळे मिटले आणि मान सोडली. ते धिप्पाड शरीर असं हलकं झालं की मला हातावर वजनच लागेना. मी हात काढला. प्रांजलीने काढला. त्या तरंगत राहिल्या, हात दोन्ही बाजूंना पसरून. तलाव अगदी स्थिर होता. बराच वेळ गेला. मला वाटलं झोपल्या की काय. मग त्यांनी डोळे उघडून आभाळाकडे पाहिलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, पण कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या,

"बापा! कान पाण्यात गेले का घरातलं कोणाचंच आयकू येत नाही वो!"

आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.